छोट्या अमेरिकन गावाचे आकडे: जनगणना धरावी की एसीएस?

अमेरिकेतल्या तीन-चार हजार वस्तीच्या गावाची माणसं, बिऱ्हाडं आणि घरं यांचा तक्ता करायला बसलं, की सेन्सस ब्युरोच्या एकाच संकेतस्थळावर दोन उत्तरं मिळतात. एक २०२० च्या दशवार्षिक जनगणनेचं, दुसरं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचं, म्हणजे एसीएसच्या पाच वर्षांच्या अंदाजाचं. दोन्ही अधिकृत, आणि दोघांचा मेळ बसत नाही. नगर नियोजनाचा अहवाल असो, विद्यापीठातला प्रकल्प असो, नाहीतर त्या गावात घर घेण्याआधीचा गृहपाठ असो, कुठला आकडा धरायचा हे आधीच ठरवलेलं बरं. अर्धा तक्ता इकडून आणि अर्धा तिकडून भरला की नंतर निस्तरता निस्तरत नाही.

जनगणना ही १ एप्रिलची शिरगणती. एसीएस हा वर्षभर चालणारा नमुना-सर्व्हे. देशभरातून दरवर्षी साधारण ३५ लाख पत्ते त्यात निवडले जातात. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावाला एका वर्षाचा नेहमीचा अंदाज मिळत नाही. साठ महिन्यांचे नमुने एकत्र करून पाच वर्षांचा अंदाज काढतात. त्यामुळे '२०१८–२०२२' असं लिहिलेला आकडा २०२२ चा नसतो आणि मधल्या २०२० चाही नसतो. त्या मुदतीत गावात मोठी गृहरचना उभी राहिली असेल, तर या आकड्यात ती अर्धीमुर्धीच उतरलेली असते.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. भारताच्या जनगणनेत एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक बिऱ्हाड. अमेरिकेत चुलीचा संबंध नाही. स्वतंत्र राहण्याची जागा, तिला बाहेरून किंवा सामाईक व्हरांड्यातून थेट प्रवेश, की ते एक घर. त्यात राहणारे सगळे मिळून एक बिऱ्हाड, मग ते नात्याचे असोत वा नसोत. घरमालकासोबत त्याच घरात राहणारा भाडेकरूही त्याच बिऱ्हाडात मोजला जातो. 'कुटुंब' म्हणायला मात्र बिऱ्हाडप्रमुखाशी जन्माने, लग्नाने किंवा दत्तक नात्याने जोडलेलं आणखी एक माणूस तरी त्या घरात लागतं. तुरुंग, कॉलेजची वसतिगृहं, नर्सिंग होम यांतली माणसं 'ग्रुप क्वार्टर्स'मध्ये जातात. ती गावच्या लोकसंख्येत असतात, बिऱ्हाडात नसतात.

छोट्या गावात हा फरक अंगावर येतो. आयोवातल्या ॲनामोसा गावात राज्याचा तुरुंग आहे. २०१० मध्ये गावाची लोकसंख्या ५,५३३ नोंदली गेली, त्यात कैदीही आले. आधीच्या जनगणनेवर आखलेल्या एका प्रभागात तर सुमारे १,३०० कैदी आणि बाहेरची माणसं साठाच्याही आत. तिथला नगरसेवक २००५ मध्ये मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिलेल्या दोन मतांवर निवडून आला. अशा गावाची एकूण लोकसंख्या बिऱ्हाडांनी भागली तर घरटी माणसं फुगून येतात. भागायची ती फक्त घरांत राहणारी लोकसंख्या. एसीएसमध्ये इथे आणखी एक मेख आहे. नमुन्यात न आलेल्या ग्रुप क्वार्टर्समधली माणसं इतर ठिकाणच्या माहितीवरून भरली जातात, त्यामुळे एकच तुरुंग किंवा एकच वसतिगृह असलेल्या गावाचा हा रकाना जास्तच डळमळीत असतो.

आता ज्या कटकटीमुळे माझं पारडं जनगणनेकडे झुकलं, ती. एसीएसच्या प्रत्येक आकड्यापुढे ± असतो, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते. हा ± ९० टक्के खात्रीचा आहे, १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. तो छापला जातो हा एसीएसचा प्रामाणिकपणा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या हिशेबाची आहे.

समजा गावात ४०० ± ४५ बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतली ९० ± ३८ भाड्याच्या घरात राहतात. भाडेकरूंचं प्रमाण साडेबावीस टक्के, हे तोंडी सांगता येतं. त्याचा ± काढायचा तर ३८ चा वर्ग घ्यायचा, त्यातून ०.२२५ चा वर्ग गुणिले ४५ चा वर्ग वजा करायचा, वर्गमूळ काढायचं आणि ४०० ने भागायचं. उत्तर येतं ९.२ टक्के अंक. म्हणजे भाडेकरू १३ टक्के असतील किंवा ३२ टक्केही असतील. नगर परिषदेसमोर असं वाक्य ठेवून कोणाचंच काम होत नाही. वर्गमूळाखालची वजाबाकी ऋण निघाली, तर वजाऐवजी अधिक धरून पुन्हा मांडायचं, हेही लक्षात ठेवावं लागतं. दोन-तीन रकान्यांची बेरीज करताना ± ची बेरीज चालत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून मूळ काढायचं. २०, ३० आणि २५ असे तीन ± असतील तर बेरजेचा ± ७५ होत नाही, ४४ होतो.

पाच वर्षांनी तीच भाडेकरू बिऱ्हाडं १२० ± ४२ दिसली, तर 'तीस बिऱ्हाडं वाढली' असं लिहायचा मोह होतो. फरकाचा ± ५७ आहे. फरक ३० चा. तेव्हा वाढ झाली असं म्हणताच येत नाही. एखाद्या रकान्यात अंदाज शून्य असला तरी पुढे ± असतोच, कारण नमुन्यात कोणी सापडलं नाही म्हणून गावात कोणी नाही असं होत नाही. आणि खरी रडकथा अशी की तक्ता एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला की ± चा रकाना हमखास गळतो. ९० उरतो, ३८ जातो. त्यापुढे तो ९० दगडावरची रेघ होऊन सगळीकडे फिरतो.

एकूण लोकसंख्येच्या बाबतीत तर एसीएसला तो दोष देणंही फारसं बरोबर नाही, कारण ते काम त्याचं नाहीच. त्याची वजनं (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या जागी धरायचा ते आकडे) मुख्यतः काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पातळीवर ब्युरोच्या लोकसंख्या अंदाजांशी जुळवलेली असतात. काउंटीच्या एकूण लोकसंख्येपुढे ± ऐवजी पाच तारे दिसतात, त्याचा अर्थ हाच: आकडा बाहेरून बांधून दिलेला आहे. गावाच्या आकड्यापुढे मात्र ± पुन्हा हजर होतो. एसीएसचा लोकसंख्येचा तक्ता बी०१००३ उघडून कोणी गावाची लोकसंख्या सांगत असेल, तर त्याला सरळ जनगणनेच्या पी१ तक्त्याकडे पाठवावं.

जनगणना निष्कलंक आहे असं नाही. २०२० मध्ये व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून ब्युरोने 'डिफरन्शियल प्रायव्हसी' वापरली. आकड्यांमध्ये जाणूनबुजून थोडी भेसळ केली. नेब्रास्कातलं मोनोवी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. २०१० मध्ये लोकसंख्या १. २०२० च्या तक्त्यात २, जेव्हा गावात प्रत्यक्ष एकच बाई राहत होती. दुसरा रहिवासी त्या भेसळीतून जन्मला. आणि या भेसळीचा ± तक्त्यात शेजारी छापलेला नसतो, हे एसीएसच्या बाजूने मान्य करावंच लागेल.

तरीही ही भेसळ कुठे होते हे माहीत असेल तर तिच्यासोबत काम करता येतं. राज्याची एकूण लोकसंख्या जशी मोजली तशीच ठेवली आहे. प्रत्येक ब्लॉकमधल्या, म्हणजे मोजणीच्या सगळ्यात लहान तुकड्यातल्या, घरांची एकूण संख्याही तशीच आहे, आणि ग्रुप क्वार्टर्सच्या इमारती किती व कोणत्या प्रकारच्या, हेही. गावाची लोकसंख्या, वयोगट, कोणती घरं भरलेली आणि कोणती रिकामी, यांत मात्र हात घातलेला आहे. माणसांचे आणि घरांचे आकडे वेगवेगळे हलवल्यामुळे एका ब्लॉकमध्ये भरलेली घरं पाच आणि माणसं शून्य, असा चमत्कारही दिसतो. म्हणून एकेका ब्लॉकवर बोट ठेवायचं नाही. ब्लॉक एकत्र करत गेलं की भेसळ एकमेकांत जिरते. हजार-दोन हजारांच्या गावाच्या एकूण लोकसंख्येत ती सहसा किरकोळ असते. त्याच गावातल्या ८५ वर्षांवरच्या पुरुषांच्या रकान्यावर मात्र वाद घालू नये. वयोगट मोठे करून घ्यावेत.

घरांच्या बाबतीत फरक आणखी स्पष्ट होतो, विशेषतः सुट्टीच्या गावांत. मॅसॅच्युसेट्समधलं प्रोव्हिन्सटाउन घ्या. २०१० मध्ये लोकसंख्या २,९४२, २०२० मध्ये ३,६६४. दहा वर्षांत जवळजवळ पाव पट वाढ. पण १ एप्रिल २०२० म्हणजे महासाथ नुकतीच भडकलेली आणि शहरातली माणसं किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घरांत येऊन राहिलेली. जनगणनेचा नियम 'बहुतेक वेळ जिथे राहता ते घर' असा आहे. घरात बसून फॉर्म भरणारा तो किती काटेकोर पाळतो हा प्रश्न वेगळा. ही सगळी वाढ कायम वस्तीची म्हणून पुढच्या वीस वर्षांच्या पाणीपुरवठ्याच्या हिशेबात घालू नये. एसीएसचा नियम याहून वेगळा: चालू मुक्काम दोन महिन्यांहून जास्त असेल तर ते माणूस त्या घरचं. त्यामुळे सबंध उन्हाळा काढायला आलेला पाहुणा एसीएसमध्ये गावकरी होऊ शकतो, जनगणनेत होत नाही. दोन आकड्यांच्या तफावतीचं एक कारण इथे आहे, आणि ते नमुन्याच्या चुकीपेक्षा वेगळं आहे.

रिकाम्या घरांच्या टक्क्यावरही अशा गावात सरळ विश्वास टाकू नये. समजा ४,००० घरांपैकी २,२०० रिकामी: टक्केवारी ५५. पण त्यांतली २,००० हंगामी वापराची. भाड्याच्या घरांची खरी चणचण पाहायची तर भाड्याने द्यायला रिकामी असलेली घरं भागिले भाडेकरू राहत असलेली, भाड्याला रिकामी असलेली आणि भाड्याने गेलेली पण अजून न भरलेली, या तिन्हींची बेरीज. ६०० भाडेकरू बिऱ्हाडं, २० घरं रिकामी, ५ नुकतीच गेलेली, तर २० भागिले ६२५, म्हणजे ३.२ टक्के. ५५ टक्के घरं रिकामी असलेल्या गावात भाड्याने जागा मिळत नाही, याचं उत्तर या ओळीत आहे. जनगणनेत यासाठी एच५ आणि एच४ हे तक्ते लागतात. एसीएसमध्ये बी२५००४ आणि बी२५००३ आहेत, पण 'भाड्याला रिकामी' समोर २० ± २५ असं काहीतरी येतं आणि पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो.

गाव निवडतानाच आणखी एक फसगत होते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससारख्या ईशान्येकडच्या राज्यांत, 'टाउन' हा काउंटीचा उपविभाग असतो, आणि त्याच नावाचं 'सीडीपी', म्हणजे फक्त आकडेवारीसाठी आखलेली दाट वस्ती, वेगळी नोंदलेली असते. प्रोव्हिन्सटाउन टाउन आणि प्रोव्हिन्सटाउन सीडीपी हे दोन वेगळे आकडे. शोधपेटीत नाव टाकल्यावर यादीत वर आलं ते निवडलं की चुकलंच समजा. इतर राज्यांत गाव आजूबाजूची जमीन हद्दीत घेऊन वाढतं. तिथे दोन जनगणनांची तुलना करण्याआधी मधल्या दहा वर्षांत हद्द बदलली का ते पाहावं.

एवढं सगळं म्हणूनही एसीएस टाळता येत नाही. २००० पर्यंत दर सहा घरांतल्या सुमारे एकाला जनगणनेचा लांबलचक फॉर्म जायचा. २०१० पासून तो बंद झाला. आता घराबद्दल जनगणना ते मालकीचं की भाड्याचं आणि मालकीचं असेल तर त्यावर कर्ज आहे का, इथपर्यंतच विचारते. उत्पन्न, भाडं, घराची किंमत, बांधकामाचं वर्ष, कामावर जायला लागणारा वेळ हे फक्त एसीएसमध्ये. मध्यम (सरासरी नव्हे, क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या) भाड्यासाठी तक्ता बी२५०६४, घराच्या मध्यम किमतीसाठी बी२५०७७, बांधकामाच्या काळासाठी बी२५०३४, बिऱ्हाडाच्या मध्यम उत्पन्नासाठी बी१९०१३. नमुना फारच अपुरा असेल तर मध्यम आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ती शून्य समजून सरासरीत घालणारे लोक आहेत. उत्पन्नापुढे '२,५०,०००+' दिसलं तर तो छताला टेकलेला आकडा आहे, त्याची वजाबाकी-भागाकार करू नये.

दोन एसीएस मुदती शेजारी ठेवायच्या तर त्या एकमेकींवर चढणाऱ्या नकोत: २०१३–२०१७ समोर २०१८–२०२२ चालेल, २०१७–२०२१ समोर २०१८–२०२२ नको, कारण चार वर्षांचा नमुना तोच असतो. प्रत्येक मुदतीतल्या पैशाच्या रकमा तिच्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, तेव्हा जुन्या रकमा महागाई निर्देशांकाने स्वतः वर आणाव्या लागतात. गावाच्या भाड्याचा ± फार मोठा असेल तर शेजारी काउंटीचा आकडा द्यावा. गावाचा आकडा लपवू नये, एकटा सोडू नये.

मराठी वाचकाला हमखास पडणारा प्रश्न: गावात मराठी बोलणारे किती? बी१६००१ तक्त्यात 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असा एकत्र रकाना आहे, पण तो तक्ता मोठ्या भूभागांपुरताच निघतो. लहान पातळीवरच्या सी१६००१ मध्ये मराठी 'इतर इंडो-युरोपीय'च्या पोटात जाते. तिथून मराठी मंडळासाठी हॉल किती मोठा घ्यायचा हे काही ठरत नाही.

जनगणना शिळी होते, हा तिच्यावरचा उरलेला आक्षेप. त्यावर एसीएसच्या लोकसंख्येकडे वळायची गरज नाही. ब्युरोचे वार्षिक लोकसंख्या अंदाज १ जुलैच्या तारखेचे असतात आणि छोट्या गावांनाही मिळतात. काउंटीचा अंदाज गावांमध्ये घरांच्या संख्येवरून वाटला जातो, म्हणून गावाने बांधकाम परवान्यांची माहिती वेळेवर पाठवली नसेल तर तो आकडा मागे राहतो. तक्त्यात रकान्याच्या डोक्यावर '१ एप्रिल २०२० ची जनगणना' आणि '१ जुलैचा अंदाज' असं पूर्ण लिहावं, आणि एसीएसच्या प्रत्येक रकान्याला लागून ± चा रकाना ठेवावा, कितीही अरुंद झाला तरी.