मुन्नारचं चहा संग्रहालय: मंगळवार ते रविवारच गाठा

नल्लथन्नी इस्टेटमधलं हे संग्रहालय सोमवारी बंद. मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेसनं एर्नाकुलमला उतरणाऱ्यांनी पुढचा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता त्या हिशेबानं बेतावा. शेवटचा घाट वेळ खातो.

जुन्या फोटोंची दालनं भरभर उरका. खरी गंमत सीटीसी, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करणाऱ्या यंत्रांपाशी. तोडलेली पानं आधी सुकवून लुसलुशीत करतात, मग दातेरी रोलरांत चिरडतात, हवेत तांबूस होऊ देतात आणि गरम हवेनं वाळवतात. सुरुवातीचं सुकवणं कमी पडलं, तर रोलरांत नुसता लगदा होतो.

विक्री काउंटरवर जपून. आपल्या कडक दुधाच्या चहाला दाणेदार सीटीसीच हवी. महागडी ऑर्थोडॉक्स, म्हणजे न चिरडता वळलेली पत्ती दुधात उकळली तर पैसे पाण्यात; ती गरम पाण्यात तीन मिनिटं, बिनदुधाची. वेलचीवाली पाकिटं सोडा, घरी कुटलेली वेलची कधीही बरी.