वापरलेली कडी केबिन बोट: २१ ते २४ फुटांत काय घ्यावं, काय सोडून द्यावं

अमेरिकेत मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिनच्या तळ्यांकाठी ऑक्टोबर लागला की दारोदारी ‘फॉर सेल’च्या पाट्या दिसू लागतात. ट्रेलरवर ताडपत्री बांधलेली बोट, पुढे एक बुटकी केबिन, मागे मर्क्रूझरचं इंजिन. हीच कडी (इंग्रजीत cuddy) केबिन. बोरायडर (जिच्या नाकाडावरही बसायला जागा असते ती) आणि क्रूझर (जिच्यात राहण्याजोगी मोठी केबिन असते ती) यांच्या मधली जात. केबिनमध्ये उभं राहता येत नाही. इंग्रजी ‘व्ही’सारख्या गादीवर दोघं जेमतेम झोपतात, पाऊस आला तर मुलं आत जातात, पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारा संडास) ठेवता येते. दुपारची झोप आणि कपडे बदलायची आडोशाची जागा म्हणून ही केबिन उत्तम. आठवडाभर राहायचं स्वप्न असेल तर चुकीची बोट बघताय.

सी रे २२५ वीकेंडर, फोर विन्स २२५ सनडाउनर, शॅपरल २३५ एसएसआय, बेलायनरची कॅप्री ही जुन्या बाजारात वारंवार दिसणारी नावं. बेलायनर स्वस्तात मिळते, कारण मुळात ती स्वस्तातच विकली गेली. फिटिंग्ज हलक्या असतात, पण नीट सांभाळलेली बेलायनर हयगय केलेल्या सी रेपेक्षा केव्हाही बरी. नावापेक्षा बोट कुठल्या पाण्यात चालली आणि हिवाळ्यात कशी ठेवली, हे जास्त मोलाचं. इंजिन किती तास चाललंय ते मालक हौसेने सांगेल, सीटांचं नवं कव्हरही दाखवेल. दोन्हीवर फार वेळ घालवू नका. इंजिन बदलता येतं, कव्हर शिवता येतं. लाकूड कुजलं असेल तर मात्र बोट संपली.

फायबरग्लासच्या बोटीत लाकूड कुठून आलं? १९९० च्या दशकातल्या बऱ्याच बोटींचा ट्रान्सम, म्हणजे इंजिनमागची उभी भिंत, आणि तळाला लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, आतून प्लायवूडचे असतात आणि वरून फायबर चढवलेलं असतं. स्विम प्लॅटफॉर्मचे बोल्ट, ट्रिम टॅबचे स्क्रू, स्पीडोमीटरच्या नळीचं भोक यापैकी कुठलं तरी सीलंट सुटतं आणि पाणी आत मुरायला लागतं. बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

तपासणी सोपी आहे. कलिंगड घेताना वाजवून बघतात तसा प्लॅस्टिकची मूठ असलेल्या स्क्रूड्रायव्हरने ट्रान्सम वाजवत चला. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर थांबा. ड्राइव्ह (ट्रान्समबाहेर लटकणारा, प्रोपेलर फिरवणारा भाग) अर्धवट वर करून त्याला हाताने वर-खाली जोर लावा आणि दुसऱ्याला ट्रान्समवर नजर ठेवायला सांगा. भिंत हलली किंवा ड्राइव्हभोवती केसासारख्या चिरा दिसल्या तर पुढची बोलणी नकोत. आतून इंजिनचे माउंट ज्या तुळयांवर आहेत, तिथले लॅग बोल्ट पान्याने अलगद फिरवून बघा. बोल्ट घट्ट न होता नुसताच फिरत राहिला, तर आतलं लाकूड भुसा झालंय. ओलावामापक यंत्र उपयोगी असतं, पण रंगाच्या थरावर ते चुकीचे आकडे दाखवू शकतं; कानावर आणि हातावर जास्त भरवसा ठेवा. ट्रान्सम आणि तुळया नव्याने करण्याची मजुरी या वयाच्या बोटीच्या किमतीहून सहज जास्त होते. त्यामुळे इथे घासाघीस करू नये, उठून यावं.

इंजिन बहुधा जीएमच्या गाडीच्या ब्लॉकवर बेतलेलं असतं: ४.३ लिटर व्ही६, नाहीतर ५.० किंवा ५.७ लिटर व्ही८. २२ फुटांपुढच्या जड बोटीला ४.३ ओढताना दमतं. माणसं आणि सामान चढवलं की पाण्यावर उठायला वेळ लागतो. ५.० किंवा ५.७ मिळालं तर बरं. यातली बरीच इंजिनं बाहेरचंच पाणी आत घेऊन थंड होतात, आणि थंड प्रदेशातला पहिला धोका तिथेच आहे. हिवाळ्यापूर्वी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि मॅनिफोल्डचे (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचे) ड्रेन प्लग काढून पाणी सोडलं नाही, तर ते गोठतं आणि लोखंड तडकतं. बाहेरच्या बाजूची तड गंजाच्या ओघळावरून दिसते, लिफ्टर व्हॅलीतली, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या खाचेतली, दिसत नाही. म्हणून डिपस्टिक काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. विक्रेत्याने कालच तेल बदललं असेल तर पाण्यातली चाचणी झाल्यावर पुन्हा बघा.

बोट खाऱ्या पाण्यातली असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यांच्यावर बसणारे रायझर कधी बदलले याची पावती मागा. बिडाचे हे भाग खाऱ्या पाण्यात साधारण पाच-सात वर्षांत आतून खाल्ले जातात. मग पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं, वॉल्व्ह गंजतात आणि एके दिवशी स्टार्टर ठप्प. पावती नसेल तर नवा संच बसवायचा खर्च किमतीतून वजा करा. गोड्या पाण्यात हेच भाग अनेकपट टिकतात. ग्रेट लेक्सच्या बोटीला फ्लोरिडातल्या बोटीपेक्षा थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, ती याचसाठी. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरांतला दाब मोजायची चाचणी) करवून घ्याच. आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत आहेत का, ते महत्त्वाचं.

आता ड्राइव्ह. मर्क्रूझर अल्फा वन जेन टू हा १९९१ पासूनचा, मिस्त्र्यांच्या तोंडपाठ असलेला आणि सुटे भाग सर्वत्र मिळणारा प्रकार. ताकदवान व्ही८ ला मर्क्रूझरचाच ब्राव्हो जास्त मजबूत. ओएमसी कोब्रा दिसला तर मात्र दोनदा विचार करा. १९८६ ते १९९३ दरम्यानचे हे ड्राइव्ह. कंपनी २००० सालच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. चालू स्थितीतला कोब्रा वाईट नाही, पण दुरुस्ती करणारा माणूस शोधण्यातच अर्धा मोसम जातो.

ड्राइव्ह आणि ट्रान्समच्या मधले रबरी बेलोज (घड्याघड्यांची नळीसारखी आवरणं) वळवून, घड्यांच्या आत हाताचं बोट घालून बघा. यू-जॉइंटचा बेलोज फाटला की पाणी आधी गिंबल बेअरिंग (ड्राइव्हचा दांडा ज्यात फिरतो ते) खातं आणि मग बोटीत शिरतं. धक्क्याला बांधलेल्या बोटी अशाच बसकन बुडतात. ड्राइव्हचा खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करून तेलाचे चार थेंब काढा: पांढरट आलं तर सील गेलंय, चमचमतं आलं तर गिअर घासताहेत. ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) पाण्याप्रमाणे असावेत, म्हणजे गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, खाऱ्याला झिंक, आणि अॅल्युमिनियम दोन्हीकडे चालतो. ड्राइव्हवर कुणी तांबंयुक्त अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग फासला असेल तर अॅल्युमिनियमला खड्डे पडलेले दिसतील.

केबिनमधल्या गाद्या उचला. खालचं प्लायवूड काळं पडलंय का, कुबट वास येतोय का, ते बघा. पाणी येतं ते डेकच्या हॅचमधून नाहीतर काठाच्या रबरी पट्टीखालच्या जोडातून. कॅनव्हासचा पूर्ण संच नव्याने शिवायला दोन हजार डॉलरच्या आसपास सहज जातात, त्यामुळे चेन आणि बटणं उघडझाप करून बघा. फोममध्ये बुजवलेली पेट्रोलची अॅल्युमिनियमची टाकी फोम ओला राहिल्यास खालून गंजते. पेट्रोलचा वास म्हणजे टाकी किंवा नळी, दोन्ही तपासायला हव्यात.

ट्रेलर हा भाग लोक सर्रास विसरतात. टायरवरची चार अंकी खूण बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगते; ‘२३१२’ म्हणजे २०१२ चा २३ वा आठवडा, मग नक्षी कितीही खोल असो. २३ फुटी बोट, ट्रेलर, टाकीभर पेट्रोल आणि सामान मिळून ५,५०० ते ६,००० पौंडांच्या घरात जातं. देशी घरांत हमखास असणाऱ्या होंडा ओडिसीची ओढायची क्षमता ३,५०० आणि व्ही६ टोयोटा हायलँडरची ५,००० पौंड. म्हणजे बोटीआधी गाडीचा हिशेब करा. बोटीची रुंदी साडेआठ फुटांच्या आत असली की बहुतेक ठिकाणी ती रस्त्यावरून ओढून न्यायला खास परवाना लागत नाही.

पाण्यातल्या चाचणीला गेलात की आधी इंजिनवर हात ठेवा. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन सुरू व्हायला किती वेळ लागतो ते तुमच्यापासून लपवलंय. सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (इंजिनखणातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालू. पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ नये म्हणून डॅशवर तसं लिहिलेलंच असतं. ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांना पाण्याच्या नळीच्या टोप्या लावून अंगणात केलेल्या चाचणीला अर्थ नाही, इंजिनवर भारच येत नाही. पूर्ण थ्रॉटलला आरपीएमचा आकडा कंपनीने दिलेल्या पट्ट्यात हवा. अनेक मर्क्रूझरना तो ४,४०० ते ४,८०० आरपीएम आहे. कमी पडला तर प्रोपेलर चुकीचा किंवा इंजिन दमलेलं. त्याच वेळी तापमान चढत राहिलं तर इंपेलर (थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) झिजलेला किंवा रायझर तुंबलेले. पूर्ण वळणावर मागून गुरगुर आली तर गिंबल बेअरिंग.

कागदपत्रांत ट्रान्समच्या उजव्या बाजूचा १२ अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळखक्रमांक) टायटलशी, म्हणजे मालकीच्या दाखल्याशी, जुळवा. १९८४ नंतरच्या नंबरांची शेवटची चार अक्षरं बनावटीचा महिना, वर्ष आणि मॉडेलवर्ष सांगतात: ‘एच९००’ म्हणजे ऑगस्ट १९९९ ला बनलेली २००० ची बोट. मिशिगनमध्ये २० फूट आणि त्याहून लांब बोटीला टायटल लागतं, आणि खासगी व्यवहारावरही ६ टक्के कर पडतो; तो किमतीत धरा. बोट पटली तर बयाणा द्या, पण पावतीवर ‘सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाल्यास’ असं लिहून घ्या. सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) एसएएमएस किंवा एनएएमएस या सर्व्हेअरांच्या संघटनेचा सदस्य असावा, आणि विक्रेत्याने सुचवलेला नसावा.