दोन खणांची पेटी आणि लग्नाच्या फोटोंचा साठा: 16 महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत मारुती चौकापासून जवळ माझा स्टुडिओ आहे आणि गेली 15 वर्षे मी प्रामुख्याने लग्नांचे फोटो काढतो. 16 महिन्यांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, मी नेटवर्कवर चालणारी दोन खणांची स्टोरेजची पेटी घेतली, जिला आपल्या व्यवसायात सगळे ‘नॅस’ म्हणतात. त्याआधी माझा सगळा साठा वर्षाची चिठ्ठी चिकटवलेल्या 11 पोर्टेबल डिस्कवर होता आणि एखाद्या पार्टीने तीन वर्षांपूर्वीचा फोटो मागितला, तर कोणत्या डिस्कमध्ये तो असेल हे आठवण्यातच अर्धा तास जात असे. पेटी आणि डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची नावे मी येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या कोणत्याही पेटीला लागू पडतील.

आधीच एक गोष्ट सांगतो. ज्या सोयीसाठी मी पैसे मोजले, म्हणजे प्रत्येक फाइल आपोआप दोन डिस्कवर लिहिली जाण्याची सोय, ती या 16 महिन्यांत एकदाच कामी आली. माझे फोटो प्रत्यक्षात वाचवले ते स्नॅपशॉटने, म्हणजे पेटीने ठरावीक वेळी घेतलेल्या फोल्डरच्या नोंदीने, आणि विट्याला बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कने. नवीन पेटी घेणाऱ्याने हा फरक पैसे मोजण्याआधीच समजून घ्यावा, असे मला फार वाटते.

पेटी, 8 टीबीच्या दोन डिस्क आणि एक छोटा यूपीएस मिळून मला साधारण 75 हजार रुपये खर्च आला. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर जात असल्याने जागा एकाच डिस्कची मिळते, आणि तीही प्रत्यक्षात 7 टीबीच्या आसपास दिसते. माझ्याकडे कॅनन आर 6 मार्क 2 आहे आणि माझा सहकारीही तोच कॅमेरा वापरतो. हळदीपासून वरातीपर्यंत दोघांच्या मिळून साडेचार ते पाच हजार फ्रेम होतात, म्हणजे एका लग्नाच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल, 130 ते 140 जीबी भरतात. वर्षाला 25 लग्ने धरली, तर साडेतीन टीबी होतात. हा हिशेब मी घेण्यापूर्वी कागदावर मांडला होता, म्हणून 4 टीबीच्या स्वस्त डिस्कचा मोह टाळता आला. डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची, म्हणजे डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी सुट्या लिहिणारी, आहे याची खात्री मात्र अवश्य करावी. एसएमआर पद्धतीत डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे सलग मोठे लेखन करताना आणि बिघडलेली डिस्क बदलून पुन्हा भरताना ती फार मंदावते.

खरे काम पेटीपर्यंत पोचण्याआधीच सुरू होते. कॅमेऱ्यात दोन कार्डे असतात आणि आम्ही दोन्हींवर रॉच लिहितो. कार्यालयातून रात्री एक वाजता परतलो, तरी झोपण्यापूर्वी एका संचातली कार्डे लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवतो. भरलेले कार्ड पाकिटात नेहमी पालथे ठेवायचे आणि रिकामे उताणे, हा नियम आम्ही दोघेही कटाक्षाने पाळतो. कॉपी करण्यासाठी मी टेराकॉपी हा प्रोग्राम वापरतो, कारण ते कॉपी झाल्यावर मूळ फाइल आणि नवीन फाइल पुन्हा वाचून त्यांचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले आकडे, जुळतात का ते तपासते. पहिले काही महिने मला हा वेळेचा अपव्यय वाटत असे. फेब्रुवारीतल्या एका लग्नात 2,312 पैकी तीन फाइलींपुढे लाल खूण आली. त्यांतली एक उघडून पाहिली, तर अक्षता टाकण्याच्या क्षणाचा तो फोटो नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत स्वच्छ होता आणि त्याखाली सगळा करड्या-जांभळ्या पट्ट्यांनी भरलेला होता. कार्डावरची मूळ फाइल ठीक होती, दोष कार्ड रीडरच्या केबलमध्ये निघाला. केबल बदलून त्याच फाइली पुन्हा उतरवल्या, तेव्हा तिन्ही जुळल्या. तपासणी न करता त्या रात्री कार्ड फॉरमॅट झाले असते आणि पुढच्या समारंभात दुसरा संचही वापरला गेला असता, तर तो फोटो कायमचा गेला असता.

लॅपटॉपवरून पेटीत फाइली केबलने पाठवल्या, तर गिगाबिट जोडणीवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि 140 जीबीचे लग्न वीस-बावीस मिनिटांत पोचते. वायफायवरून त्याच कामाला तासाहून अधिक लागतो. त्यामुळे केबल टाकण्याचा हजार-बाराशेचा खर्च कोणीही टाळू नये.

फोल्डरचे नाव मी वर्ष, महिना, दिनांक, गाव आणि आडनाव या क्रमाने देतो, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. सुरुवातीला मी ही नावे देवनागरीत देत होतो आणि त्यात दोन्ही घराण्यांची आडनावे, कार्यालय, समारंभ असे सगळे लिहीत होतो. पेटीतल्या ज्या फोल्डरला मी कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड केले होते, त्यात काही फाइली जाईनातच. कारण शोधल्यावर कळले की या प्रकारच्या एन्क्रिप्शनमध्ये नावाची मर्यादा 143 बाइटची असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे आपल्या लिपीत जेमतेम 47 चिन्हे मावतात. आता नावे देवनागरीतच, पण आखूड ठेवतो आणि बाकीची माहिती कीवर्डमध्ये लिहितो.

जानेवारीतला प्रसंग सविस्तर सांगतो. एका लग्नाची छाटणी चालू होती. लाइटरूम या फोटो निवडण्याच्या आणि संपादनाच्या प्रोग्राममध्ये नाकारलेल्या फोटोंचा फिल्टर लावून ते डिस्कवरून पुसायचे, हे आमचे नेहमीचे काम. त्या दिवशी फिल्टर निघालेला होता हे सहकाऱ्याच्या लक्षात आले नाही आणि हळदीचे सगळे 1,146 फोटो निवडून पुसले गेले. नेटवर्कवरच्या फाइली पुसल्या की त्या विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, सरळ नाहीशा होतात. दोन डिस्कची जोडी अशा वेळी काहीही वाचवत नाही, कारण पुसण्याचा हुकूमही ती दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने पाळते. सुदैवाने पेटी बीटीआरएफएस या फाइल प्रणालीवर चालते आणि मी दर तासाला स्नॅपशॉट घेण्याची व्यवस्था लावून ठेवली होती. स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेला फोल्डर जसा होता त्याची नोंद. ती घेताना फाइलींची नवी प्रत होत नाही, म्हणून सुरुवातीला जागाही नगण्य लागते. दुपारी तीनच्या स्नॅपशॉटमधून तो फोल्डर उघडला आणि काही मिनिटांत सगळे फोटो जागेवर आले. कार्डे तोपर्यंत फॉरमॅट झालेली होती. पेटी निवडताना स्नॅपशॉटची सोय आहे का, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारेन.

चौथ्या महिन्यात मी एक चाचणी घेतली, आणि या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. बॅकअपची डिस्क भलत्याच लॅपटॉपला लावून, माझे यंत्र आणि पेटी दोन्ही नाहीत असे समजून, एक लग्न अल्बमसाठी पाठवण्याइतपत उभे करून पाहिले. फोटो सगळे सापडले. पण कोणता निवडलेला, कोणता कापलेला, कोणाचा रंग दुरुस्त केलेला, यांपैकी एकही गोष्ट सापडली नाही. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग, म्हणजे निवड आणि संपादनाच्या सगळ्या नोंदींची फाइल, नेटवर्कच्या जागेवर ठेवता येत नाही, त्यामुळे तो लॅपटॉपमध्येच होता आणि माझ्या बॅकअपच्या यादीत नव्हताच. लाइटरूम बंद करताना जी कॅटलॉगची प्रत घेतो, तीही मूळ कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये जात होती. लॅपटॉप चोरीला गेला असता, तर प्रतही त्याच्याबरोबर गेली असती आणि तीन आठवड्यांचे काम नव्याने करावे लागले असते. त्याच दिवशी मी त्या प्रतीची जागा बदलून पेटीतला फोल्डर दिला आणि बदल आपोआप एक्सएमपी फाइलींत लिहिण्याची खूण चालू केली. आता प्रत्येक रॉ फाइलशेजारी तिच्या संपादनाची छोटी फाइल असते. दर तीन महिन्यांनी मी अशी चाचणी घेतो आणि दर वेळी वेगळे लग्न निवडतो.

अकराव्या महिन्यात एका डिस्कवर खराब सेक्टर वाढू लागल्याची सूचना आली. येथे मात्र दोन डिस्कच्या जोडीने आपले काम चोख केले. ऐन मे महिन्यात, आठवड्यात तीन लग्ने असताना, काम एक तासही थांबले नाही. बदली डिस्क घेऊन बसवली आणि ती पूर्ण भरायला 16 तासांहून अधिक लागले. त्या काळात एकाच डिस्कवर सगळा भार असतो आणि तीही तितकीच जुनी असते, म्हणून बाहेरची प्रत ताजी आहे याची खात्री करूनच मी हे काम सुरू केले. वॉरंटीतली डिस्क परत येण्यास सहा आठवडे लागले. एक सुटी डिस्क कपाटात आणून ठेवणे परवडत असेल, तर तसे करावे.

गावाबाहेरच्या प्रतीबद्दल सांगलीकराला समजावण्याची गरज पडू नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. माझा स्टुडिओ तळमजल्यावर होता. कॅमेरे आणि डिस्क आम्ही वेळेत वर नेल्या, पण साठा त्याच इमारतीत राहिला आणि इमारतीला वेढा पडला. पाणी ओसरल्यावर कित्येक घरांतून लग्नाचे अल्बम आले, पाने एकमेकांना चिकटलेली, रंग वाहून एकमेकांत मिसळलेले. ज्यांच्या फाइली माझ्याकडे होत्या त्यांना पुन्हा छापून देता आले. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला 3-2-1 चा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, मी पूर्वीही वाचला होता. त्यातल्या शेवटच्या आकड्याचा अर्थ मला त्या आठवड्यात कळला.

आता 5 टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क आलटून पालटून विट्याला जातात. विटा उंचावर आहे आणि कृष्णेच्या पुराचा तेथे प्रश्न येत नाही. महिन्यातून एकदा मी स्वतः जातो, ताईच्या कपाटातली डिस्क घेतो आणि ताजी ठेवून येतो. दोन्ही डिस्क एन्क्रिप्टेड आहेत. पासवर्ड आणि किल्लीची फाइल हरवली तर मलाही त्या उघडता येणार नाहीत, म्हणून दोन्हींचा छापील कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

क्लाउडवर मी सगळे ठेवत नाही. 100 एमबीपीएसच्या फायबरवर एक लग्न चढवायला चार तास लागतात आणि ते रात्रीत होऊन जाते, पण चार-पाच टीबीचा जुना साठा चढवायचा, तर सलग पाच-सहा दिवसांचे काम आहे. शिवाय ‘अमर्याद’ म्हटलेल्या बहुतेक जोडण्यांना महिन्याला 3,300 जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि अपलोडही त्यात मोजले जाते. म्हणून चालू सीझनच्या रॉ फाइली आणि सर्व वर्षांच्या निवडक तयार जेपीईजी, एवढेच बॅकब्लेझ बी 2 या क्लाउड सेवेवर ठेवतो. मी सुरू केले तेव्हा दर टीबीला महिना 6 डॉलर दर होता. अल्बम पोचल्याची सही मिळाली, की त्या लग्नाच्या रॉ फाइली तेथून काढतो.

पेटी बाहेरून इंटरनेटवर उघडण्याची सोय मी बंद ठेवली आहे. 2014 मध्ये सिनोलॉकर आणि 2022 मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या अशाच पेट्यांमधला डेटा कुलूपबंद केला होता. पार्टीला निवडीसाठी फोटो दाखवायचे, तर छोट्या आकाराचे जेपीईजी वेगळ्या सेवेवरून पाठवतो.

उणिवाही आहेत. माझ्या पेटीत 2 जीबीच मेमरी आहे आणि ती वाढवता येत नाही. त्यामुळे फोटोंचे छोटे नमुने ती स्वतः बनवू लागली, की दिवसभर बाकी सगळे मंदावते. ते काम मी बंदच केले. संपादनासाठी रॉ फाइली थेट पेटीतून उघडणे मला पसंत नाही. चालू लग्न लॅपटॉपवर ठेवतो आणि जुन्यांसाठी लाइटरूमचे स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे रॉ फाइलींच्या लहान प्रती, बनवतो, जे लांब बाजूला अडीच हजार पिक्सेलच्या आसपास असतात आणि रंग-उजेडाच्या कामाला पुरतात. रात्रीच्या शांततेत डिस्कची घरघर ऐकू येते. विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे, महिन्याला 12 ते 14 युनिट. यूपीएस यूएसबीने पेटीला जोडला, की वीज गेल्यावर ती स्वतःहून व्यवस्थित बंद होते. हे मी प्लग काढून दोनदा पाहिले आहे.

पेटीत जागा झाल्यामुळे या पावसाळ्यात जुन्या डीव्हीडी उतरवायला घेतल्या. 2010 ते 2014 या काळातल्या 214 चकत्या होत्या. त्यांपैकी 171 पूर्ण वाचल्या गेल्या, 29 अर्धवट आणि 14 अजिबात नाहीत. अर्धवट वाचलेल्यांमध्ये खणभागातल्या एका कुटुंबाचे 2012 चे लग्न आहे, ज्यांचा अल्बम पुरात गेला होता. त्यातले सप्तपदीचे 38 फोटो निघाले, ते मी छापून दिले. न वाचल्या गेलेल्या 14 चकत्या फेकलेल्या नाहीत. मिरजेतल्या एका मित्राकडे वेगळ्या बनावटीचा जुना ड्राइव्ह आहे आणि दिवाळीपूर्वी त्यावर त्या एकेक करून लावून पाहणार आहे.