पीसीजेनसाठी स्वतःच्या डेटा फाइल्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा गट डी-अँड-डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीचे नियम वापरतो, पण खेळातलं जग आमचं आहे: घाटवाटा, गड, दांडपट्टे, विटे (दोरी बांधलेले भाले). तयार कॅरेक्टर बिल्डरमध्ये, म्हणजे पात्राचे आकडे मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, यातलं काही सापडत नाही. म्हणून आपले नियम भरता येणारं पीसीजेन हे कॅरेक्टर बिल्डर घेतलं आणि गेले काही महिने त्याच्यासाठी डेटा फाइल्स लिहितोय. जावात लिहिलेलं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००० सालापासून स्वयंसेवक सांभाळत आलेत. स्वतःचे नियम असलेल्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ते शिकायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय.

कारण यात नियम साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये उघडे ठेवलेले आहेत. तलवारीची किंमत, फायटर क्लासचा (पात्राच्या पेशाचा) हिट डाय म्हणजे आरोग्याच्या गुणांचा फासा, एल्फची डेक्स्टेरिटी (चपळाई), सगळं एलएसटी नावाच्या यादीच्या फाइलमध्ये वाचता येतं. शस्त्र असेल तर साधारण एक ओळ, आणि तिच्यात टॅबने वेगळे केलेले टॅग (गुणाचं नाव आणि त्याचं मूल्य). कोणत्या एलएसटी लोड करायच्या ते पीसीसी फाइल सांगते. टॅब दाखवणारा एडिटर मात्र घ्याच. टॅबच्या जागी स्पेस पडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि ओळ नीट वाचली जात नाही.

मूळ फाइल्सना हात लावू नका. आपलं सगळं होमब्र्यू (घरच्या नियमांच्या) फोल्डरमध्ये ठेवायचं. आधीच्या वस्तूत बदल हवा असेल तर आपल्या फाइलमध्ये तिच्या नावापुढे डॉट-मॉड लिहून फक्त बदललेला टॅग द्यायचा. आमच्या जगात लोखंड महाग आहे, तर मी लाँगसोर्डची फक्त किंमत बदलली. बाकी सगळं मूळ फाइलमधूनच येतं. एखादी गोष्ट जगातून काढायचीच असेल तर डॉट-फरगेट.

खरा कस लागला दांडपट्ट्याला. वजन, डॅमेज, क्रिटिकल हे टॅग सरळ आहेत. पण पट्ट्याची मूठ हाताच्या खोबळ्यात असते, त्यामुळे तो हातातून पाडणं अवघड. ३.५ मध्ये लॉक्ड गाँटलेटला (शस्त्र हातात जखडणाऱ्या लोखंडी पंज्याला) डिसआर्मविरुद्ध, म्हणजे शस्त्र पाडण्याच्या प्रयत्नाविरुद्ध, +१० मिळतात, तोच आधार धरला. आता हे +१० गणितात घालायचे कुठे? ते फक्त त्या एका प्रसंगी लागू होतात. कायमच्या आकड्यात मिसळले तर पात्राचं शीट खोटं बोलेल. अशा गोष्टींसाठी एसप्रॉप टॅग आहे: शस्त्राच्या नोंदीत नुसतं वाक्य छापून येतं, गणित होत नाही. जे नेहमी लागू तेच बोनसमध्ये, प्रसंगापुरतं ते मजकुरात, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. दोरी बांधून फेकायच्या आणि परत ओढून घ्यायच्या विट्यालाही तीच लावली.

क्लास लिहिताना डिफाइन टॅग मनापासून आवडला. आमच्या मावळा क्लासला लेव्हलच्या निम्मा बोनस चढाईवर मिळतो. तो आकडा थेट लिहिण्याऐवजी मी डिफाइनने शून्यापासून सुरू होणारा एक व्हेरिएबल केला, क्लासने त्यात भर घातली आणि चढाईच्या स्किलने तो वाचला. पुढे एक प्रेस्टीज क्लास (पुढच्या टप्प्यावर घेता येणारा खास क्लास) आला, त्यानेही त्याच व्हेरिएबलमध्ये भर टाकली. जुन्या ओळीला हातही लावावा लागला नाही.

बोनसचा टाइप न विसरता लिहा. एन्हान्समेंट किंवा डिफ्लेक्शन लिहिलंत की त्या टाइपमधला मोठा बोनस तेवढा धरायचा, हे प्रोग्रामच बघतो. टाइप नसलेला बोनस सरळ बेरजेत जातो. पूर्वअटींच्या टॅगमधला पहिला आकडा म्हणजे दिलेल्यांपैकी किती अटी पुऱ्या व्हायला हव्यात. ‘हे किंवा ते फीट (पात्राची खास क्षमता)’ असं हवं असेल तर तिथे १ लिहायचा.

शिकायला वेळ लागतो, हे खरंच. सोबतचे दस्तऐवज टॅगची यादी म्हणून चांगले आहेत, पण पहिला धडा त्यातून मिळत नाही. तो मिळतो एसआरडीच्या, म्हणजे खुल्या मूळ नियमांच्या, फाइल्स वाचून. आपल्या वस्तूसारखी एखादी तिथे शोधा, ओळ आपल्या फाइलमध्ये घ्या आणि एकेक टॅग बदलत जा. दर बदलानंतर लॉग बघा. न समजलेला टॅग तिथे नोंदलेला असतो. दहा वस्तू एकदम लिहून मग लोड करण्यापेक्षा एकेक करणं कितीतरी बरं.

एक गोष्ट वाटून घेण्याबद्दल. सोबत येणारा ३.५ चा डेटा ओपन गेम लायसन्स या खुल्या परवान्याखालचा आहे. विकत घेतलेल्या पुस्तकातला खुला नसलेला मजकूर आपल्या टेबलापुरता टाइप करा, पण ती फाइल पुढे पाठवू नका. मी मुद्दाम दोन वेगळ्या पीसीसी ठेवल्यात: पुस्तकातलं एकीकडे, आमचं स्वतःचं दुसरीकडे. दुसरी कुणालाही बिनधास्त देता येते.