वेबसाइट अण्णांची, पण डोमेन एजंटाच्या नावावर

सोलापुरात घरी इंटरनेट घेताना "सोबत वेबसाइटपण करून देतो" असं कुणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या अण्णांना असंच फसवलंय, आणि तसलीच पावती हातात असलेली आणखी माणसं जुळे सोलापुरात असणार याची मला खात्री आहे.

अण्णा निवृत्त शिक्षक. १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ, त्यात फासावर गेलेले चार हुतात्मे, बंद पडलेल्या गिरण्या यांवर त्यांनी वह्याच्या वह्या भरून ठेवल्या होत्या. फायबर जोडायला आलेल्या एजंटानं त्या पाहिल्या. "सर, हे सगळं नेटवर टाकू की! तुमच्या नावाची वेबसाइट, डोमेन फ्री. तुम्ही फक्त लिहा, बाकीचं माझ्याकडं लागलं." (डोमेन म्हणजे वेबसाइटचा नेटवरचा पत्ता.) वर्षाचं इंटरनेट, राउटर आणि वेबसाइट मिळून त्यानं साडेतेरा हजार घेतले. पावतीवर "नेट + वेब पॅकेज" एवढंच. कशाचे किती ते नाही, जीएसटी क्रमांक नाही.

इंटरनेटचं थोडक्यात सांगते. ठरावीक डेटा संपला की "अनलिमिटेड" प्लॅनचा वेग घसरतो, हे त्यानं सांगितलंच नाही. राउटर कंपनी वापरायला मोफत देत होती, त्याचेही यानं पैसे लावले. कस्टमर केअरला फोन केल्यावर ते उघड झालं आणि भांडून का होईना, तेवढे पैसे परत मिळाले.

खरा घाव वेबसाइटनं घातला. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे म्हणून त्यानं अठरा हजार मागितले. डॉट इन किंवा डॉट कॉमवरचं साधं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चिन्हासाठी, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, त्यानं साडेतीन हजार धरले होते. ते प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. आम्ही हिशेब मागितला आणि साइट बंद झाली.

मग मी हूइज, म्हणजे डोमेनच्या मालकीची नेटवरची नोंद, काढून पाहिली. डोमेन कुणाचं आहे हे तिथं कुणालाही फुकट बघता येतं. बऱ्याचदा व्यक्तीचं नाव झाकलेलं असतं, पण संस्थेचं नाव कधीकधी दिसतं. अण्णांच्या नावाच्या डोमेनपुढे संस्था म्हणून एजंटाच्या दुकानाचं नाव होतं. सगळी मेख इथंच आहे. साइट कुणीही पुन्हा बांधून देईल, पण डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला ऑथ कोड, म्हणजे एक गुप्त परवानगी-कोड, लागतो आणि तो ज्याच्या नावावर खातं त्यालाच मिळतो. डॉट इनचं काम पाहणाऱ्या निक्सी या संस्थेकडे वाद नेता येतो, पण तिथं त्या नावावरचा आपला हक्क सिद्ध करावा लागतो आणि शुल्कही भरावं लागतं. निवृत्त माणसाला ते झेपत नाही.

बरेचसे लेख परत मिळाले, ते जुनी वेबपानं जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमुळे. साइटचा पत्ता टाकला की तिथं जतन झालेली जुनी पानं निघतात. त्या चार हुतात्म्यांपैकी मल्लप्पा धनशेट्टींवरचा अख्खा लेख मिळाला. फोटो मात्र रिकाम्या चौकटीच निघाले. एका गिरणी कामगाराच्या घरून अण्णांनी त्याचा हजेरीपास मागून आणला होता, स्कॅन करून परतही दिला होता. तो स्कॅन फक्त साइटवर होता. ते कुटुंब आता पुण्याला गेलंय, पास कुठंय ते त्यांनाही सापडत नाही. पैशापेक्षा अण्णांना हे जास्त लागलंय, आणि मलाही.

म्हणून सांगते, डोमेनची नोंदणी आपल्यासमोर, आपल्या ईमेलवर, आपल्याच मोबाईलच्या ओटीपीनं करून घ्या. पासवर्ड आपल्याकडे ठेवा. इंटरनेटचं आणि वेबसाइटचं बिल वेगवेगळं मागा. "एकत्र स्वस्त पडतं" म्हणणारा नेमका तिथंच हिशेब लपवतो. नुसते लेखच टाकायचे असतील, तर गूगलचं ब्लॉगर फुकट आहे. शाळेतली पोरंसुद्धा ते लावून देतात.

ज्यांचं आधीच असं अडकलंय त्यांनी लगेच भांडण काढू नका. साइट चालू आहे तोवर सगळी पानं आणि फोटो उतरवून घ्या, मग ऑथ कोड लेखी मागा. दिला नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमची तक्रार दाखल झाली आहे. पावती, यूपीआयचा पुरावा आणि एजंटाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडले आहेत. तुमच्याकडचे असे मेसेज पुसू नका.