दक्षिण मुंबईच्या वास्तू पाहायच्या आहेत: पुस्तक घेऊन फिरावं की हेरिटेज वॉकला जावं?

हाताशी एकच सकाळ असेल तर हेरिटेज वॉकला, म्हणजे माहितगारासोबत जुन्या वास्तू पाहत केलेल्या पायी फेरीला जा. मुंबईत राहत असाल, किंवा वर्षातून दोन-तीनदा येणं होत असेल, तर इमारतीगणिक माहिती देणारं एखादं तपशीलवार मार्गदर्शक पुस्तक विकत घ्या. माझं मत हे असं आहे. ते कशावरून बनलं, ते आता सांगतो.

पुस्तकाची खरी ताकद कळते ती कुलाब्याकडे जाताना लागणाऱ्या श्यामाप्रसाद मुखर्जी चौकात. समोर रीगल चित्रपटगृह आहे, १९३३ सालचं, आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या साध्या, भौमितिक रेषांच्या शैलीतलं. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स. त्याच चौकात राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. ती इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेली, १८७६ साली पूर्ण झालेली आणि गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि दगडी कोरीवकामाच्या वळणाची. तिचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे चार्ल्सचे वडील. बोरीबंदरचं स्टेशन (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८) आणि त्याच्या समोरचं महापालिकेचं मुख्यालय (१८९३) हीसुद्धा वडिलांचीच कामं. एका चौकात उभं राहून बाप-लेकांच्या दोन इमारती दिसतात आणि मधल्या अर्धशतकात मुंबईची आवड किती बदलली तेही दिसतं. दगडी कोरीवकाम गेलं, काँक्रीटच्या सरळ, मोकळ्या रेषा आल्या. इथेच वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याचा घुमट पाहताना विजापूरच्या गोल घुमटाची आठवण येते. चार पावलांवर समुद्राकाठी त्यांचंच गेटवे ऑफ इंडिया आहे, १९२४ सालचं.

हे धागे जुळतात ते पुस्तकामागच्या सूचीमुळे. एक नाव सापडलं की त्याखाली पानांचे क्रमांक येतात आणि त्या क्रमांकांच्या मागे लागून माणूस शहरभर फिरतो. वॉकमध्ये ही सोय नसते. तिथे ठरलेला रस्ता, ठरलेल्या आठ-दहा इमारती आणि ठरलेले दोन-अडीच तास असतात.

पुस्तक दुसरी गोष्ट देतं ती प्रसिद्ध इमारतींच्या मधल्या अनाम इमारतींची. फोर्टातून चालताना डोळ्यात भरतात त्या पाच-सहाच वास्तू. त्यांच्या आजूबाजूच्या बँका, विमा कंपन्यांची कार्यालयं, जुनी गोदामं यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत घ्या. १९३६ सालची, मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुविशारदांची. दर्शनी भागावर भिंतीतून उठून आलेल्या उंचच उंच मानवाकृती आहेत, शिल्पकार एन. जी. पानसरे यांच्या. पुस्तक विकत घ्यायच्या आधी दुकानातच या इमारतीचं पान उघडा. वर्ष आणि वास्तुविशारदांबरोबर शिल्पकाराचंही नाव दिलं असेल तर त्या लेखकाने रस्त्यावर उभं राहून काम केलं आहे असं खुशाल समजा. नुसतं ‘भव्य आणि देखणी इमारत’ एवढंच लिहिलं असेल तर पैसे वाचवा.

आणखी एक पारख दगडाची. कुर्ल्याचा निळसर करडा बेसॉल्ट, मालाडचा पिवळट दगड, पोरबंदरचा फिका चुनखडी दगड यांवर गॉथिक मुंबई उभी आहे. चांगलं पुस्तक भिंत कशाची आणि कोरीवकाम कशाचं हे वेगळं करून सांगतं. एकदा ते डोळ्यांना कळलं की पुढच्या इमारतीत आपलं आपण ओळखता येतं. मला यात जो आनंद मिळतो तो सन-सनावळ्या पाठ करण्यात नाही.

आता वॉकची बाजू, आणि ती लंगडी नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवर या घड्याळ-मनोऱ्याच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या आकृती कोरल्या आहेत. पुस्तकात ते वाचून मान वर केली तरी नेमकं कुठे पाहायचं ते चटकन सापडत नाही. माहितगार माणूस तुम्हाला हाताला धरून योग्य जागी उभं करतो. बोरीबंदरच्या फाटकावरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची प्रगतीची मूर्ती, खांबांच्या माथ्यावरचे पशुपक्षी, सगळं तो नेमकं दाखवतो. गोष्टही रंगवून सांगतो: कापसाच्या तेजीत कमावलेले पैसे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरला दिले आणि त्याला आईचं नाव दिलं, ज्यांनी आराखडा केला ते गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दारं. पुस्तक तुम्हाला फुटपाथपर्यंतच नेतं. महापालिकेचं मुख्यालय किंवा उच्च न्यायालय आतून पाहायचं तर मार्गदर्शकासोबतच्या अधिकृत फेरीलाच जावं लागतं. वार आणि वेळ बदलतात, म्हणून आधी चौकशी करा. आतले जिने, छतं, रंगीत काचा पाहिल्या नाहीत तर या इमारती अर्ध्याच पाहिल्या जातात. इथे पुस्तकाला उत्तर नाही.

भाषेचाही विचार करा. तपशीलवार पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत. आई-वडिलांना किंवा शाळकरी मुलांना घेऊन जायचं असेल तर मराठीत बोलणारा मार्गदर्शक मागून घ्या. आपल्या भाषेत विचारलेले प्रश्न वेगळेच असतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. बंद-चालू, वाट, तिकीट यासाठी तो उत्तम. पण नाव माहीत असलेलीच इमारत त्यात शोधता येते आणि ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी तर आपण निघालेलो असतो. जुन्या आवृत्तीचं पुस्तक वापरत असाल तर मात्र मोबाइल जवळ हवाच. बोरीबंदर स्टेशनचं व्ही.टी. (व्हिक्टोरिया टर्मिनस) हे नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदललं. रस्त्यांची, चौकांचीही तीच गत आहे.

एका बाबतीत दोन्ही पर्याय मला अपुरे वाटतात. बहुतेक पुस्तकं आणि बहुतेक वॉक फोर्ट-कुलाब्यातच रमतात. गिरगावातल्या चाळी, खोताच्या वाडीतली लाकडी सज्ज्यांची घरं, १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळी ही सामान्य माणसांची मुंबई आहे आणि ती डोळ्यांदेखत पाडली जाते आहे. पुस्तक निवडताना या भागांना किती पानं दिली आहेत ते पाहा. दोन पुस्तकांत निवड अडली तर जास्त पानं देणारं घ्या.

पुस्तक घेणार असाल तर ते रस्त्यात पहिल्यांदा उघडू नका. आदल्या रात्री एकाच पट्ट्याची पानं वाचा, सकाळी तेवढाच पट्टा चाला. फोर्टासाठी रविवार बरा, कचेऱ्या बंद असल्याने थांबून वर पाहता येतं. छोटी दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा.

सुरुवात ओव्हल मैदानापासून करा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाची गॉथिक रांग, पश्चिमेला आर्ट डेको घरांची, मध्ये फक्त गवत. या दोन शैलींच्या समूहाला २०१८ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. सकाळचं ऊन आर्ट डेको घरांच्या तोंडावर पडतं, तेव्हा आधी ती पाहा: गोल खिडक्या, वळणदार गॅलऱ्या, दारावरची नावाची अक्षरं. राजाबाई टॉवर त्या वेळी उन्हाच्या आड असतो, कोरीवकाम काळवंडलेलं दिसतं. त्यासाठी दुपारी चारनंतर परत या.