सामान न्यायचं की तिकडेच घ्यायचं?
मिशनच्या कामासाठी मुलाबाळांसकट परदेशी निघालेल्या एका ताईंचा हा प्रश्न. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर मावतं खरं, पण भाड्यावर कस्टम्स आणि बंदराचे चार्जेस चढतात, शिवाय सामान सुटेपर्यंत चटईवर झोपा! विजेचं तर विचारूच नका, कुठे ११०-१२० व्होल्ट ६० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी), कुठे २२०-२४० व्होल्ट ५० हर्ट्झ, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, म्हणून फ्रिज, वॉशिंग मशीन तिकडचंच घ्या, बिघडलं तर पार्टही तिथेच मिळतात. टिकाऊपणात घरची वापरातली भांडी भारी, ती सोबत न्या. दोन-तीन वर्षांसाठी जात असाल तर बॅगा भरा, बाकी परतणाऱ्या कुटुंबांकडून सेकंडहँड. दहाएक वर्षं राहायचंय, पुस्तकं-फर्निचर भरपूर, तर कंटेनर परवडतो.